तीन हाका

सॅन अँटोनिओतल्या आमच्या इस्पितळाची संगणक-सुरक्षा गार्सासाहेबांकडे. वीस वर्षं लष्करात काढलेला माणूस. कर्मचारी वारला की तीस दिवसांत त्याचं लॉगिन बंद, हा नियम त्यांचाच. तपासनीस डेल्फिनाबाईंना नेमकं एक चालू सापडलं. "साहेब, तुमचे पलटणीतले दोस्त, इथे तुमच्याच हाताखाली असलेले ट्रेव्हिन्यो, जाऊन अकरा महिने झाले. चोरांसाठी दार उघडं ठेवलंय?" "सकाळी लॉगिनच्या यादीत माझ्याखाली त्याचं नाव दिसतं, बाई. कॉफी गोड लागते." "बंद करा." साहेबांनी टाय सरळ केला. पलटणीत वारलेल्या सैनिकाला हजेरीत तीनदा हाक मारतात. उत्तर आलं नाही, तरच नाव कमी होतं. "सार्जंट ट्रेव्हिन्यो!" "सार्जंट लिओनेल ट्रेव्हिन्यो!" "सार्जंट लिओनेल रेयेस ट्रेव्हिन्यो!" कालच रुजू झालेल्या ओफेलियाबाईंनी फायलींमागून डोकं वर काढलं. "जेवायला गेले असतील, साहेब." साहेबांनी लॉगिन बंद करायचं बटण दाबलं. "हो," म्हणाले, "पहिल्यांदाच मला सोडून."