फ्लेक्सवरचा कोट

"यात डी कुठून आला?" मान वर करून चैतालीनं विचारलं.

बारावीत ती शाळेतून पहिली आली, म्हणून भटूभाऊनं लिंबायतच्या त्यांच्या गल्लीत भलामोठा फ्लेक्स बांधला होता. नेमका तिच्याच घराच्या ओट्यासमोर. वर इंग्रजीत 'काँग्रॅच्युलेशन्स'. मधोमध हात जोडलेला भटूभाऊ. खालच्या कोपऱ्यात, टिकलीएवढी, चैताली.

"तिथं टी पाहिजे, भाऊ."

भटूभाऊचं तोंड उतरलं. त्याला निवडणूक लढवायची होती. "लोक हसतील ना गं! थांब, टीची पट्टी चिकटवून टाकू. अजून काही चूक आहे का बघ, बेटा."

ती बघतच होती. फोटोत तिच्या शेजारी तिचा बाप होता, तिच्या दुप्पट. निळा कोट, लाल टाय. जन्मात कोट न घातलेला माणूस. प्रेसवाल्यानं कंप्युटरवर चढवला असणार. तिची पुस्तकं गटारीत फेकून बाप बमरोलीला दुसरं घर मांडून बसला होता. खाली सोनेरी अक्षरं: सुकदेवभाऊंची सुकन्या.

"यांना कोणी बोलावलं इथं?"

"अगं, बापाशिवाय बोर्ड शोभतो का? नाव तर त्याचंच लावते ना तू?"

"आणि आई?"

"वहिनींचा कोटातला फोटो कुठंय?" भटूभाऊ हसला. बांबू धरून उभी असलेली पोरंही हसली.

फ्लेक्समागं, ओट्यावर, आई मजुरीवर आणलेल्या साडीचे सुटे धागे कापत बसली होती. उजेड अडला होता. साडी पार डोळ्यांशी धरून ती कात्री चालवत होती. हसणं तिला ऐकू आलं. तिनं मान वर केली नाही.

चैताली ताडताड ओट्यावर गेली आणि तिच्या हातातून कात्री ओढून घेतली.

"काय करी ऱ्हायनी व माय?" आईनं विचारलं.

ती पुन्हा पुढं आली. बाप हाताला येईल असाच होता.

"अगं ए, कोरा आहे तो!" भटूभाऊ धावला. "मी टी लावतोय ना!"

"डी राहू द्या, भाऊ," ती म्हणाली आणि कोटात कात्री खुपसली.

बाप टायसकट गटारीत पडला. भोकातून चौकोनी ऊन आत गेलं आणि आईच्या मांडीवरच्या साडीवर पडलं. आईनं डोळ्यांजवळची साडी हळूच खाली घेतली. उन्हात सुटलेला धागा चिमटीत धरला.

"आन ती कात्री," ती म्हणाली.