एका सीटची जागा

सरकारी नियमानं वय संपलेल्या गाड्या मी भंगार केंद्रात गॅसकटरनं कापतो. त्या दुपारी लासूर स्टेशन ते छावणी प्रवासी नेणारी काळी-पिवळी जीप कापायची होती. इंजन, सीटा, सगळं काढून झालेलं. नुसता सांगाडा स्प्रिंगांवर उभा होता.

तिचा मालक कडूबा शेवटचं बघायला आला. वर्षानुवर्षं ह्याच जीपमध्ये त्यानं माणसं कोंबलेली. सवयीनं त्यानं टपावर थाप मारली आणि ओरडला, "छावणी, छावणी! चला, लगेच निघायचंय!"

मला हसू आलं. "मामा, इंजनच नाय तिला."

तेवढ्यात स्प्रिंग करकरली. सांगाडा डावीकडं दबला. मग उजवीकडं. मग मागं, माणसं एकामागून एक चढावीत तसा.

मी दोन पावलं मागं सरलो.

कडूबाला मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. "भरल्याबिगर गाडी हलवत नसतो मी," तो म्हणाला. मग आत वाकून रिकाम्या पत्र्याला म्हणाला, "जरा सरकून घ्या. अजून एक सीट बसायचीय."

सांगाडा पुन्हा करकरला. दारापाशी पत्र्यावरची धूळ एक माणूस बसेल एवढी पुसली गेली.

मग कडूबानं माझं मनगट धरलं.