जीप थांबवा

“दिवसाला पाणी किती पिता?” व्यायाम शिकवणाऱ्या अंतरा मॅडमनी विचारलं. प्रियदर्शनीनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग खाली.

“जालन्याला यायचं असलं की आदल्या दिवसापासून बिलकुल न्हाई,” ती पुटपुटली. “मंग जीपमध्ये तसं होत न्हाई.”

हरिओमचे कान तापले. मागच्या महिन्यात, सातवा लागला तेव्हा, घनसावंगीहून येताना जीप खड्ड्यात आदळली, ती खोकली आणि सीट ओली झाली. शेजारचा माणूस काही म्हणायच्या आत हरिओमच ओरडला होता, “लहान लेकरू हाईस का?” सगळी जीप हसली. मोठा तीर मारल्यासारखा तोही हसला.

मॅडम हसल्या नाहीत. “बाळाचं ओझं खालच्या स्नायूंवर येतं. ते सैल पडतात. पाणी तोडून ते घट्ट होत नाहीत, उलट तुम्हाला आणि बाळाला त्रास. स्नायू आत ओढून धरायचे, पाच मोजायचे, सोडायचे. श्वास रोखायचा नाही. दिवसातून तीनदा करा. फरक पडायला महिना-दीड महिना जाईल.” मग त्या हरिओमकडं वळल्या. “तोवर गाडी थांबवायचं काम तुमचं.”

दवाखान्याच्या दारातच प्रियदर्शनी अर्धी बाटली पाणी प्यायली.

परतीची जीप अंबडच्या पुढं गेली आणि तिनं त्याचा दंड धरला. दाटीवाटीनं बारा जण बसलेले. तिचे ओठ हलत होते, ती पाच मोजत होती. हरिओमनं तोंड उघडलं आणि मिटलं. बायकोवर ओरडताना जराही न अडखळलेली जीभ आता टाळूला चिकटली होती. उलटी होतेय म्हणून सांगावं, असं मनात आलं. त्या खोट्याचीही त्याला लाज वाटली.

“भिवाभाऊ, गाडी थांबवा. बायकोला लघवीला जायचंय.”

चार-पाच माना वळल्या. कुणीतरी खाकरलं.

“आत्ताच तर अंबडला थांबल्तो,” ड्रायव्हर भिवा कुरकुरला. “तिथं का न्हाई सांगितलं?”

“आता लागलीय. मागच्या खेपेला मी तिला चारचौघांत बोललो, तवापासून ती जीपमध्ये बसायचं म्हणलं की पाणीच पीत न्हाई. चूक माझी हाय. थांबवा.”

भिवानं बाभळीजवळ जीप उभी केली. प्रियदर्शनी उतरली आणि आडोशाकडं चालू लागली.

मागच्या सीटवरच्या द्वारकाबाई पदर सावरत पुढं सरकल्या. “सरक बाबा जरा. मला बी जायचंय. जालन्यापासून धरून बसलेय.”

त्यांच्यामागं त्यांची सून उतरली. मग मांडीवरचं पोर नवऱ्याच्या हाती देऊन आणखी एक. मग कोपऱ्यातली कॉलेजची पोरगी.

जीपमध्ये एकही बाई उरली नाही.