बटणाला हात लावायचा नाही

“बटणाला हात लावायचा नाही!” म्हणत कप्तान ओडवारने ऑशिल्डच्या पुढ्यातला लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.

“एक मिनिट, कप्तान, मी फक्त—”

“कळतं मला तुझं ‘फक्त’. गुपचूप अक्षर मोठं करशील आणि म्हणशील, बघा, केवढी सोय!”

टेबलापलीकडचे समितीचे दोघे सदस्य वॅफल खाता खाता हसले.

बेटाच्या नगरपालिकेची वेबसाइट ऑशिल्डने बांधली होती. अक्षरांचं माप तिने CSS मध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, पडद्याच्या रुंदीला जोडलं होतं. फोनवर बेताचं, मोठ्या पडद्यावर ऐसपैस. सगळ्यांनी वाहवा केली, आणि मग तिची चूक तिलाच दिसली. वाचणाऱ्याने कितीही झूम केलं तरी अक्षर ढिम्म हलत नव्हतं, कारण ते फक्त रुंदीचंच ऐकत होतं. तिने खपून सूत्र बदललं. आता अक्षर वाचणाऱ्याचंही ऐकणार होतं. पण समितीने आज मंजुरी दिली नाही, तर जुनीच आवृत्ती सुरू होणार होती. आणि समितीत शब्द चालायचा कप्तानाचा.

उभा जन्म फेरीबोट चालवलेला माणूस. हल्ली त्याने गाडीही विकली होती. पायी हिंडणं तब्येतीला बरं, म्हणे.

“माझं वय बघा, आणि चष्मा आहे का बघा,” तो म्हणाला. “बोटींचं वेळापत्रक वाचतो. आहे त्या अक्षरात.”

पडदा त्याच्याकडे होता. ऑशिल्ड त्याच्या खांद्यामागे उभी होती.

“पहिली बोट सहा दहा. मग सात पंचवीस, रविवारी नाही. आठ चाळीस...” थेट शेवटच्या बोटीपर्यंत तो घडाघडा म्हणत गेला. एकदाही अडखळला नाही.

सदस्यांनी टेबल बडवलं. “संपला विषय!” त्यांच्यातली बोर्गहिल्ड म्हणाली. “जुनीच चढवा.”

ऑशिल्ड पडद्याकडे बघत राहिली. मग वाकून कप्तानाच्या कानात काहीतरी पुटपुटली.

त्याचा चेहरा पडला. आणि मग तो पोट धरून हसू लागला.

“खमकी आहेस गं पोरी! लिहून घ्या, नवी आवृत्ती मंजूर. अक्षर वाढलंच पाहिजे.”

“अहो, पण आत्ताच तर तुम्ही—” बोर्गहिल्ड म्हणाली.

“मंजूर म्हटलं ना!”

ऑशिल्ड जिंकली होती. आनंदाने तिला ओरडावंसं वाटत होतं, पण कोणी वाकून बघायच्या आत तिने लॅपटॉप मिटला. त्यावर मघापासून पोहण्याच्या तलावाचे नियम उघडे होते.