डायरेक्ट

आकांक्षानं पकडीत वायर धरली आणि कचकन कापली. देवमननं चहाचा कप तिथंच बाकावर ठेवला.

"काहून कापली?"

"आता चालवून पाहा, बाबा."

मशीन देवमनची, लोखंड कापून घडवणारी जुनी मिलिंग मशीन. तीस वर्षं त्यानं तिचं चाक हातानं फिरवलं होतं. आठ महिने खपून बापलेकींनी तिला मोटारी आणि कॉम्प्युटर बसवला, आणि आज बारा वाजता डाळ मिलचे भगवंतराव ती पाहायला येणार होते. चालली तर त्यांच्या बेअरिंगच्या ठोकळ्यांचं वर्षभराचं काम इथंच, अकोल्यात, याच शेडमध्ये. नाही तर नागपूरला.

देवमननं बटण दाबलं. काम आवळायचं मशीनचं लोखंडी टेबल भिंतीकडे सरकू लागलं. शेवटाला त्याला थांबवणारा स्विच बसवलेला होता. आकांक्षानं तो बोटानं दाबला आणि दाबूनच धरला. टेबल थांबलं नाही. भिंत चार बोटांवर आली तेव्हा तिनं लाल बटणावर थाप मारली.

"वायरच कापली त थांबन कशी?" देवमन म्हणाला. "हे त लहान पोरगंही सांगन."

"मी कापली म्हणून तुमाले मालूम पडलं. उंदरानं कापली त कोण सांगन?"

शेजारी डाळीचं गोदाम होतं. शेडमध्ये उंदीर माणसांपेक्षा जास्त, आणि खाऊनपिऊन सुखी.

स्विच त्यानंच जोडले होते, आणि दारावरच्या घंटीसारखे जोडले होते. दाबलं की करंट वाहणार, मशीनला खबर मिळणार. आयुष्यभर घरोघरी त्यानं हेच पाहिलेलं. आकांक्षाला नेमकं उलटं हवं होतं. करंट सतत वाहता राहावा आणि स्विच दाबला की तुटावा. मग स्विच दाबला जावो की वायर तुटो, मशीनला दोन्ही सारखंच. ती थांबणार.

"सहाच्या सहा बदलाचे हायेत," ती म्हणाली.

"दहा वाजून राहिले. भगवंतराव गेल्यावर बदल."

"नाही."

"आज मशीन चालली पायजे, पोरी."

"चालन. पण अशी नाही."

ती उगीच अडून बसली नव्हती. देवमनला टेबलाच्या कडेवर डावा पंजा ठेवून उभं राहायची सवय. लोखंडाच्या थरथरीवरून त्याला कटरची मिजास कळायची. चाक हातात होतं तोवर ठीक होतं, थांबवणंही त्याच्याच हातात होतं. आता टेबल आपलं आपण धावतं, पंजा मात्र जुन्याच जागी. काल संध्याकाळी तिनं तोच पंजा टेबल आणि भिंतीच्या मधे पाहिला होता. बापाला सांगून उपयोग नव्हता. सांगून ऐकणाऱ्यातला तो नव्हता.

ती जमिनीवर बसली. एकेक स्विच उघडायचा, वायर काढायची, दुसऱ्या टोकाला कसायची, ओढून पाहायची. देवमन थोडा वेळ बाहेर जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला. चौथ्या स्विचला तो बॅटरी धरून तिच्या शेजारी येऊन बसला. सहावा चालू असतानाच बाहेर गाडी थांबली.

भगवंतरावांनी ठोकळे पिकअपमध्ये सोबतच आणले होते. देवमननं त्यातला एक मशीनवर आवळला. कटर खाली उतरला, कीस उडायला लागला. भगवंतराव स्टुलावर बसले, मान डोलवू लागले, आणि ऐन वेळी माशी शिंकली. मशीन जागच्या जागी थांबली. पडद्यावर लाल पाटी आली.

"काय झालं?"

"कुठंतरी वायर ढिली हाये," आकांक्षा म्हणाली. तिचे कान तापले. शेवटचा स्विच तिनं घाईत कसला होता.

"मंग स्विच डायरेक्ट करून टाका ना," भगवंतराव म्हणाले. "आमच्या मिलमधी पट्ट्याच्या झाकणाचा स्विच दोन वर्सांपासून डायरेक्ट हाये. झाकण उघडं राहिलं तरी पट्टा चालते. कामाची खोटी होत नाही."

डायरेक्ट म्हणजे स्विच वगळून वायरीची दोन टोकं एकमेकांना पिळून टाकायची. अर्ध्या मिनिटाचं काम. आकांक्षानं बापाकडे पाहिलं. मशीन चालावी, एवढंच तर तो सकाळपासून म्हणत होता.

देवमन आपल्या डाव्या पंजाकडे पाहत होता. तो टेबलाच्या कडेवर होता. केव्हा ठेवला ते त्याचं त्यालाच आठवेना. त्यानं तो सावकाश काढून घेतला.

"डायरेक्ट नाही करत," तो म्हणाला.

"अर्धा घंटा जाईन, देवमनभाऊ. मले टाइम नाही."

"त नागपूरले न्या तुमचे ठोकळे."

आकांक्षाच्या हातातला पेचकस तसाच राहिला. बाप असं काही बोलेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. भगवंतराव स्टुलावरून उठले, पण गेले नाहीत.

ती सहाव्या स्विचपाशी वाकली. स्क्रू खरोखरच ढिला होता. तिनं तो कसला, वायर दोनदा ओढून पाहिली. लाल पाटी गेली आणि कटर पुन्हा ठोकळ्यावर उतरला.

"भगवंतराव," देवमननं विचारलं, "तुमच्या त्या पट्ट्यात डाळ अडकली त कोण काढते?"

"लीलाबाई," भगवंतराव सहज बोलून गेले. "हात घालून काढते. जुनी बाई हाये, सरावाची."

मशीन कापत राहिली.

भगवंतरावांनी खिशातून फोन काढला. दारातल्या ड्रायव्हरला त्यांनी ठोकळे उतरवायची खूण केली आणि मिलमधल्या माणसाला फोन लावला.

"लीलाबाई कुठं हाये?" ते म्हणाले. "पट्ट्यापाशी? तिले उठव तिथून. जेवणाच्या सुट्टीत नाही, आता. आधी तिले उठव, मंग माह्यासंग बोल."