चौथी लाइन

डबा उंचवट्यावरून सुटला, सांधे बरोबर पार करून चौथ्या लाइनीत शिरला, तिथे उभ्या असलेल्या डब्यांवर आदळला आणि टेबलाखाली पडला.

"परत तेच," रवींद्र म्हणाला आणि डबा उचलायला वाकला.

कोळसेवाडीतल्या त्या खोलीत पलंग भिंतीला उभा करून ठेवला होता. त्याच्या जागी आठ फुटी प्लायवूड, आणि त्यावर मालगाड्यांचं अख्खं यार्ड. रुळांची जोडी करंगळीच्या नखाएवढी रुंद, डबा काडेपेटीएवढा. वागळे इस्टेटमध्ये लेथ चालवून सुट्टीच्या दिवशी रवींद्रने ते दोन वर्षांत उभं केलं होतं. इंजिन मागून गाडी ढकलत उंचवट्यावर आणायचं. माथ्यावर डब्याची कडी सुटायची. तिथे इंजिनाचं काम संपलं. डबा आपल्याच वजनाने उतरायचा आणि ज्या गावचा माल त्या लाइनीत जाऊन उभा राहायचा. सहा लाइनी, सहा गावं.

पाच लाइनी चालत होत्या. संध्याकाळी ठाण्या-डोंबिवलीचे हौशी लोक बघायला येणार होते. चौथी जमली नाही तर उंचवटा उपटून साधं स्टेशन करायचं, हे रवींद्रने ठरवून टाकलं होतं.

"आबा, जरा बघता का?"

दाराशी खुर्चीत त्याचा बाप, जगन, बसला होता. तीस वर्षं खऱ्या यार्डात नोकरी केलेला. काय काम करता असं कोणी विचारलं तर म्हणायचा, डबे थांबवतो.

"त्यांना काय विचारतोस?" लसूण सोलता सोलता त्याची आई, केशरबाई, म्हणाली. "झेंडी दाखवायचं काम. आणि घरी येऊन असे झोपायचे, जसा काय डोंगर फोडून आलेत."

जगन उठून टेबलापाशी आला, चष्मा सारखा करून रुळांमध्ये बघू लागला.

"हे काय लावलंस?"

"ब्रेक. टूथब्रशचे केस. डबा त्यांना घासत घासत थांबतो." रवींद्रने उभ्या डब्यांच्या अलीकडे बोट ठेवलं. "तुम्ही उभे राहायचात ना, तिथे."

"सगळ्या लाइनींना सारखेच?"

"एकदम मापात. सुताचा फरक नाही."

"आणि डबे?"

"काही रिकामे, काही भरलेले. खऱ्यासारखे. भरलेल्यांत बेअरिंगच्या गोळ्या टाकल्यात. चौथीला भरलेलेच जास्त जातात."

जगन हसला. "ब्रशला डबा ओळखता येत नाही, रवी. काढ तो."

रवींद्रने चिमट्याने केस उपटले. जगनने टेबलाच्या कडेची पत्र्याची एक पट्टी उचलली, नखाने दुमडून तिची पाचर केली.

"सोड."

रवींद्रने डबे मुद्दाम उलटसुलट लावले. इंजिन घरघरलं. जगन चौथ्या लाइनीकडे बघतच नव्हता. त्याची नजर माथ्यावर होती.

"रिकामा," तो म्हणाला, आणि पाचर उभ्या डब्यांच्या अगदी जवळ रुळावर ठेवली. चाक पाचरीवर चढलं, घासत आलं, टेकलं. कुठे टक झालं नाही.

"भरलेला." या वेळी पाचर वीतभर अलीकडे. तोही टेकला.

तिसऱ्याला त्याने पाचर लावलीच नाही. "रिकामा आहे आणि मागचं चाक धरतंय. आपला आपण थांबेल." डबा रेंगाळत आला आणि पुढच्याला चिकटून उभा राहिला.

रवींद्रने तो उचलून चाकं फिरवून बघितली. मागचं खरंच धरत होतं.

"आबा, हे कसं काय?"

"उतरताना बघायचं. भरलेला माथ्यावर जरा पण थांबत नाही."

"संध्याकाळी चौथीवर तुम्हीच बसा. ब्रश नको, काही नको."

"बसून नाही व्हायचं ते काम," जगन म्हणाला.

केशरबाईचे हात थांबले होते. तिने सुपलीतला लसूण बाजूला ठेवला.

"खरा डबा केवढा असतो हो?"

"या खोलीच्या दुप्पट लांब."

"आणि भरलेला?"

"तीस-बत्तीस टन."

"आणि ही पाचर?"

"लोखंडाची. हातात घेऊन पळायचं आणि त्याच्या पुढ्यात रुळावर ठेवायची."

"येताना आवाज तरी करत असेल."

"फारसा नाही. इंजिन नसतं ना त्याला."

केशरबाई उठली. चौथ्या लाइनीतले डबे तिने एकेक करून काढून ठेवले. मग ती गुडघ्यांवर बसली आणि ते उभे होते तिथे प्लायवूडवर गाल टेकवला. डोळा रुळांच्या पातळीला आला.

"आई, तिथे नको. डोळ्याला लागेल."

"लागू दे. भरलेला सोड."

रवींद्रने बापाकडे पाहिलं. जगनने पाचर उचलली.

डबा माथ्यावर आला. उभ्याने बघताना ती काडेपेटी होती. रुळांच्या पातळीवरून तिला तोंड होतं, दोन्ही अंगांना बफर होते आणि मागे खिडकीचा उजेड होता. डबा उतरायला लागला तसा तो उजेड कमी होत गेला. सांध्यावर जरासा हलला, वळला आणि सरळ तिच्याकडे आला. मोठा होत आला. केशरबाईने टेबलाची कड घट्ट धरली. डोळा मिटला नाही.

पत्रा घासल्याचा बारीक आवाज झाला. तिच्या नाकापासून चार बोटांवर डबा उभा राहिला. त्याच्यापलीकडचं काही दिसत नव्हतं.

"याच्यामागे?" तिने विचारलं.

"दुसरा," जगन म्हणाला.

"लगेच?"

"लगेच."

केशरबाईने डोकं उचललं नाही.

"सोड रे, रवी," ती म्हणाली.