झाकण

गिटारचा आवाज बदलणारी पेडलची डबी धाकटीनं घरीच जुळवली होती, पण तिच्यातून गिटार नुसती कुरकुरायची. धाकटीला ती गुरगुरायला हवी होती. म्हणून आज तिनं जीव मुठीत धरून सर्किट उघडलं, आवाज खरखरीत करणारे दोन बारके डायोड उपटले आणि त्यांच्या जागी दोन लाल एलईडी बसवले. पहिल्या खेपेला दोन्ही एकाच दिशेनं लागले. जीभ चावत तिनं डाख वितळवला, एक उलटा फिरवला.

थोरली बहीण समोर टेबलावर हनुवटी टेकून बसली होती. गिटारकडे तिनं आजवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

धाकटीनं तार छेडली आणि अख्खी खोली गुरगुरली! कपाटाची काच थरथरली, वरच्या काकूंनी फरशीवर काठी आपटली. "जमलं! ताई, जमलं!" धाकटी चक्क नाचली. ताई ढिम्म.

धाकटीनं एकेक करत सगळ्या तारा वाजवून पाहिल्या आणि खुशीत पेडलचं झाकण लावायला घेतलं. तोच ताईनं तिचं मनगट पकडलं आणि आत बोट दाखवलं. धाकटीनं पुन्हा तार छेडली. दोन्ही एलईडी लाल उजळले, सूर विरत गेला तसे मालवले. जोरात छेडली तर लख्ख, हळू छेडली तर मंद. आवाजाच्या नादात तिनं हे पाहिलंच नव्हतं.

जन्मापासून एकही आवाज न ऐकलेल्या ताईनं हातवारे करत दम भरला, "झाकण लावलंस तर बघ! आणि तिसरी तार दबकत वाजवतेस. परत वाजव."